यकृत नवे, शिरा जुन्याच!

आमच्या परिचयातले एक गृहस्थ आहेत. एस.टी.त वाहक म्हणून तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. यकृत निकामी झाले तेव्हा त्यांच्या पत्नीने आपल्या यकृताचा मोठा हिस्सा त्यांना दिला. राहते घर गहाण पडले, गावाकडची दीड एकर बागायत गेली, दोन्ही मुलांनी कर्जे काढली. पण माणूस परत आला. घरी आल्यावर सत्यनारायण झाला. आळीतल्या लोकांनी कौतुकाने पेढे वाटले. ‘आता काय, यकृतच नवे! वीस वर्षांची निश्चिंती,’ असे जो तो म्हणू लागला आणि घरातल्यांनाही ते खरे वाटू लागले.

तिसऱ्या वर्षी एकदा त्यांना दोन दिवस डांबरासारखे काळे शौचाला झाले. ‘लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, त्याने होते तसे,’ असे मेहुण्यांनी सांगितले. लोहाच्या गोळ्यांनी तसे होते हे खोटे नाही, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. जवळच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते मोरीत गेले आणि भडभडून रक्ताची उलटी झाली. ‘अहो, काय होतंय तुम्हाला?’ असे विचारत पत्नी धावली, तोवर ते खाली बसले होते. तालुक्याच्या गावाहून मोठ्या शहरातल्या इस्पितळात पोचेपर्यंत साडेचार तास गेले.

तेथे दुर्बिणीतून तपासणी झाली. जठराच्या वरच्या भागात द्राक्षाच्या घोसासारख्या फुगलेल्या शिरा दिसल्या आणि त्यांतली एक फुटली होती. थोरल्या मुलाने डॉक्टरांना विचारले, ‘डॉक्टर, हे तर जुन्या यकृताचं दुखणं. ऑपरेशनच्या आधी हेच होत होतं. यकृत तर आम्ही बदललं ना?’

त्या मुलाचा प्रश्न भाबडा नव्हता. यकृत प्रत्यारोपण झालेल्या आणि होऊ घातलेल्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपण या घरांना वेळेवर देत नाही, म्हणून आजचा हा लेख.

आधी शरीरातली व्यवस्था समजून घेऊ. यकृताला मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त लागते. त्यातले तीन चतुर्थांश रक्त आतडी, जठर आणि प्लीहा यांच्याकडून एका मोठ्या शिरेने येते. वैद्यकात तिला ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात. आपण सोयीसाठी द्वारशीर म्हणू. खाल्लेले अन्न पचून रक्तात उतरते ते याच शिरेने यकृताच्या गिरणीत जाते. निरोगी माणसात या मार्गावरचा दाब अगदी कमी असतो. पण दारू, काविळीचे बी किंवा सी विषाणू, यकृतात साठणारी चरबी अशा कारणांनी यकृत आकसून टणक झाले, की रक्ताला आत शिरता येत नाही.

पाटाचे दार गंजून बसले तर काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी थांबत नाही. ते तुंबते, शेजारच्या चरांमधून वाट काढते आणि जिथे बांध कच्चा असेल तिथे फुटते. पोटातले रक्तही तेच करते. एरवी दोऱ्यासारख्या बारीक असलेल्या शिरा या तुंबाऱ्याने करंगळीएवढ्या फुगतात. त्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असतात, तशा जठरातही असतात. अन्ननलिकेतल्या शिरांची चर्चा बरीच होते, कारण त्या अधिक लोकांत आढळतात. जठरातल्या शिरा मात्र थोड्या लपलेल्या, खोल आणि रुंद असतात.

या जठरातल्या शिरांची जगभर वापरली जाणारी वर्गवारी आपल्या देशातून गेली आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत इस्पितळातील डॉ. शिवकुमार सरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली साडेपाचशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. द्वारशिरेचा दाब वाढलेल्या पाचांतल्या एकाच्या जठरात अशा शिरा असतात, त्या अन्ननलिकेतल्या शिरांच्या मानाने कमी वेळा फुटतात, पण फुटल्या की रक्त अधिक जाते, असे त्यांना दिसले. जठराच्या कोणत्या भागात शीर आहे यावरून तिचे चार प्रकार त्यांनी पाडले. कोणता उपचार करायचा, याचा विचार आजही त्या प्रकारापासून सुरू होतो.

उपचारांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या सेंगस्टेकन आणि ब्लेकमोर या डॉक्टरांनी १९५० साली रबराचे फुगे लावलेली एक नळी आणली. ती नाकातून पोटात घालायची, फुगा फुगवायचा आणि शीर दाबून धरायची. रुग्णाचे हाल होत, फुगा काढला की पुष्कळदा रक्त पुन्हा सुरू होई, तरी तिने अनेकांना रात्र काढून दिली. आजही इतर सोय हाताशी नसेल तेव्हा ती वापरतात. पुढे अन्ननलिकेतल्या शिरांना दुर्बिणीतून रबराची कडी घालून आवळण्याची पद्धत आली आणि ती उत्तम ठरली. पण जठरातल्या जाड शिरेला ती कडी पुरत नाही. चार-सहा दिवसांनी कडी गळून पडते, तिथे व्रण होतो आणि त्याच व्रणातून पुन्हा पूर येतो.

त्यावर हॅम्बुर्गच्या डॉ. सोहेंद्र यांनी १९८६ साली गोंदाचा तोडगा प्रसिद्ध केला. घरात तुटलेली वस्तू झटपट चिकटवायला आपण जो गोंद आणतो, त्याच जातकुळीतले हे औषध. दुर्बिणीतून सुई घालून ते फुगलेल्या शिरेत सोडायचे. रक्ताचा स्पर्श होताच ते क्षणात घट्ट होते आणि शीर आतून बुजते. वाहते रक्त थांबवायला आजही हा उपाय पहिल्या रांगेत आहे. क्वचित गोंदाचा कण वाहत जाऊन फुप्फुसात अडकू शकतो, म्हणून हात सरावलेला हवा. अलीकडे काही मोठ्या इस्पितळांत दुर्बिणीलाच सोनोग्राफी जोडून शिरेत धातूची बारीक वेटोळी आणि मग गोंद सोडतात. पण गोंद असो की वेटोळे, फुटलेला बांध बुजवण्याचेच ते काम. पाटाचे दार बसले आहे ते बसलेच राहते. दार मोकळे करायचे तर यकृतच बदलायचे, आणि म्हणून प्रत्यारोपण.

या शिरांनी प्रत्यारोपणाच्या पहिल्या पावलापासून आपले अस्तित्व दाखवले आहे. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसातले पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचे मूल होते. दाबाने फुगलेल्या शिरा आणि न गोठणारे रक्त यांच्याशी झगडताना रक्तस्रावानेच ते टेबलावर गेले. वर्षभराहून अधिक जगलेला रुग्ण मिळायला १९६७ साल उजाडले. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून लावण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झाला. आईने आपल्या मुलाला यकृत दिले होते. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती, तिसरे हिमाचल प्रदेश. पाठोपाठ १९९८ साली भारतात यकृत प्रत्यारोपण यशस्वी झाले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. नवे यकृत मऊ असते, त्यात रक्त सहज शिरते. दाब उतरतो आणि फुगलेल्या शिरा पुढच्या काही महिन्यांत आपोआप ओसरतात. बहुतेकांच्या बाबतीत असेच होते आणि हे प्रत्यारोपणाचे मोठेच यश आहे. पण सर्वांच्या बाबतीत होत नाही. याचे कारण असे, की शस्त्रक्रियेत यकृत बदलते, पण त्याला रक्त आणणाऱ्या शिरा रुग्णाच्या जुन्याच राहतात. नव्या यकृताची शीर आणि रुग्णाची द्वारशीर यांचा जोड बारीक टाक्यांनी शिवलेला असतो. तो जोड कालांतराने अरुंद झाला, किंवा शिरेत गुठळी झाली, तर नवे कोरे यकृत पलीकडे सुरेख चालत असते आणि अलीकडे रक्त पूर्वीसारखेच तुंबत असते. आमच्या परिचितांचे झाले ते हेच.

ही अडचण आपल्या देशात अधिक लक्षात ठेवायला हवी. पाश्चात्त्य देशांत बहुतेक यकृते मेंदूमृत व्यक्तींकडून, म्हणजे पूर्ण मिळतात. आपल्याकडे मरणोत्तर दान अजून तोकडे असल्याने बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकाने दिलेल्या हिश्श्यावर होतात. अशा हिश्श्याबरोबर येणारी शीर आखूड असते. पुढे तो हिस्सा वाढतो, तसा जोडाला बाक किंवा पीळ पडू शकतो. लहान मुलांत तर मूळची शीरच बारीक असते. म्हणून जोड अरुंद होण्याची तक्रार जिवंत दात्याकडून यकृत मिळालेल्यांत आणि मुलांत जास्त दिसते. शल्यचिकित्सकाच्या हाताला येथे दोष द्यायचा नाही. शिवलेली गोष्ट तपासत राहावी लागते, एवढेच सांगायचे आहे.

दुसरे कारण म्हणजे जुना आजार परत येणे. काविळीच्या सी विषाणूवर २०१५ पासून आपल्याकडे स्वस्त आणि गुणकारी गोळ्या मिळू लागल्या, त्यामुळे एकेकाळी नव्या यकृताला पोखरणारा हा शत्रू आता बराच आटोक्यात आहे. पण दारू पुन्हा सुरू झाली, वजन आणि मधुमेह सुटले, किंवा शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या कंटाळून सोडल्या, तर नवे यकृतही काही वर्षांत टणक होते. मग दार पुन्हा गंजते.

तिसरे कारण अधिक विचित्र आहे. आजारपणाच्या वर्षांत रक्ताने काढलेली एखादी चोरवाट इतकी रुंद झालेली असते, की दार उघडले तरी रक्त जुन्या सवयीने तिकडूनच जाते. जठराच्या शिरांमधून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरणारी अशी वाट अनेकांत असते. तिच्यामुळे जठरातल्या शिरा फुगलेल्या राहतात, आणि नवे यकृत मात्र भरल्या घरात उपाशी राहते.

येथे माझ्या म्हणण्याचा गाभा येतो. जठरातली फुगलेली शीर दिसायला सर्वांची सारखी. पण तिच्यामागचे कारण निराळे आणि कारणानुसार उपचार अगदी उलटा. शेवटची चोरवाटेची गोष्ट घ्या. जपानमधील डॉक्टरांनी १९९०च्या दशकात एक पद्धत रूढ केली. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी उलट्या दिशेने चोरवाटेपर्यंत न्यायची, तिथे फुगा फुगवून वाट अडवायची आणि औषध सोडून ती कायमची बुजवायची. आता फुग्याऐवजी बूचही बसवतात. द्वारशीर मोकळी असलेल्या रुग्णात या एका उपायाने दोन कामे होतात: जठरातली शीर सुकते आणि अडलेले रक्त नव्या यकृताला मिळते. पण हाच उपाय जोड अरुंद झालेल्या रुग्णात केला तर? मोठा रस्ता बंद, त्यात आडवाटही बंद. दाब उसळतो, पोटात पाणी होते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटू शकतात. एकाला तारणारा उपाय दुसऱ्याला बुडवतो.

टिप्स नावाच्या उपचाराचेही तसेच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे तो प्रथम माणसात झाला. मानेतल्या शिरेतून यकृतात शिरून आतल्या आत एक बोगदा पाडायचा आणि धातूच्या जाळीची नळी बसवून तो उघडा ठेवायचा. तुंबलेले रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे जाते आणि दाब उतरतो. यकृत पुन्हा टणक झालेल्या प्रत्यारोपित रुग्णात त्याचा उपयोग होऊ शकतो. पण न गाळलेले रक्त मेंदूकडे गेल्याने भ्रम होण्याचा धोका आहे, मूळचेच कमी रक्त मिळणाऱ्या यकृताचे आणखी कमी होते, आणि नाकारविरोधी औषधे यकृतातच मोडत असल्याने त्यांची रक्तातली मात्राही पुन्हा मोजावी लागते. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णात ही नळी बसवताना ती फार लांब द्वारशिरेत उतरली, तर पुढे शल्यचिकित्सकाला जोड शिवायला जागाच उरत नाही. म्हणजे आजच्या रात्रीचा उपचार करताना उद्याची शस्त्रक्रिया डोळ्यासमोर हवी.

आमच्या परिचितांना त्या रात्री गोंदाने वाचवले. पण तेथील डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत, हे महत्त्वाचे. डॉप्लर सोनोग्राफी आणि सी. टी. स्कॅन करून त्यांनी ‘रक्त तुंबले कोठे?’ हा प्रश्न विचारला. जोड अरुंद झाल्याचे दिसले. मग त्वचेतून सुई घालून, यकृतातल्या शिरेच्या मार्गाने फुगा नेऊन त्यांनी तो जोड रुंद केला आणि आत जाळीची नळी बसवली. पोट उघडावे लागले नाही. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा द्राक्षाचा घोस ओसरला होता. गंमत अशी, की रक्ताची उलटी झालेल्या या माणसाला नंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या द्याव्या लागल्या. नाही तर नळीतच गुठळी व्हायची. घरातले घाबरले. पुन्हा मेहुणे पुढे झाले, ‘बंद करा त्या गोळ्या’ म्हणाले. सुदैवाने या वेळी पत्नीने त्यांचे ऐकले नाही.

सगळे सुरळीत झाले, मग तक्रार कशाची? तक्रार अशी, की हा जोड अरुंद होत असल्याचे कदाचित आधीच कळले असते. प्लीहा वाढत होती, रक्तातल्या प्लेटलेट उतरत होत्या. दोन्ही गोष्टी जुन्या कागदांवर लिहिलेल्या होत्या. पण पहिल्या वर्षानंतर मोठ्या शहरातल्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. एका फेरीत दोघांचे भाडे, राहण्याचा खर्च, तपासण्या, मुलाची बुडालेली रोजी. ‘यांना काही त्रास नाही, मग कशाला जायचे?’ असे घरातल्यांना वाटले, आणि इस्पितळातूनही ‘आला नाहीत का?’ असा फोन आला नाही. जी शीर फुटते ती फुटेपर्यंत दुखत नाही, हेच तर तिचे कपट आहे.

आपल्या समाजाला शस्त्रक्रियेचे फार आकर्षण आहे. प्रत्यारोपणासाठी वीस-पंचवीस लाख जमवायचे म्हटले की गणपती मंडळ वर्गणी काढते, देवस्थानांचे न्यास हात देतात, वर्तमानपत्रांत आवाहन छापून येते. अवयव घेऊन धावणाऱ्या रुग्णवाहिकेला पोलीस रस्ता मोकळा करून देतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर असते. हे सारे चांगलेच आहे. त्यात एका ओळीचेही उणे काढायचे नाही. पण पाचव्या वर्षीच्या सोनोग्राफीसाठी वर्गणी निघाल्याचे कोणी ऐकले आहे काय? आपण विहीर खणायला सगळे गाव जमवतो आणि गाळ काढायला कोणी येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या राज्यात बाळंतिणीला वेळेवर रक्त मिळण्याची मारामार आहे, तेथे मूठभर प्रत्यारोपित रुग्णांच्या शिरांसाठी व्यवस्था मागणे हे चोचले नव्हेत काय? मी याचे उत्तर असे देईन. एक तर जठरातल्या शिरा फक्त प्रत्यारोपितांच्या नसतात. ज्यांचे प्रत्यारोपण कधीच होणार नाही अशा यकृताच्या असंख्य रुग्णांना आणि द्वारशिरेत जन्मापासून किंवा बालपणी गुठळी झालेल्या मुलांनाही हाच धोका असतो. जिल्ह्याच्या गावी रात्री दोन वाजता रक्तपेढी उघडी असेल आणि गोंदाची सुई चालवणारा हात असेल, तर त्याचा लाभ या सर्वांना होईल. त्या बाळंतिणीलाही रक्तपेढीचा होईलच. आणि दुसरे म्हणजे, प्रत्यारोपित रुग्णाच्या पोटात जे यकृत आहे ते त्याचे एकट्याचे नाही. कोणा पत्नीने, आईने, मुलीने आपले निरोगी पोट उघडून घेऊन ते दिले आहे. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे, हे विसरू नये. किंवा मग ऐन दुःखात एखाद्या कुटुंबाने आपल्या माणसाचे दान केले आहे. ते दान एका चुकलेल्या तपासणीपायी मातीत घालणे ही केवळ वैद्यकीय हलगर्जी ठरत नाही. तो दात्याशी केलेला कृतघ्नपणा ठरतो.

मग करायचे काय? फार मोठ्या योजनांची मला घाई नाही. पहिली गोष्ट, प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक केंद्राने रुग्णाला घरी सोडताना मराठीत लिहिलेली एक वही द्यावी. यकृत पूर्ण बसवले की हिस्सा, द्वारशिरेचा जोड कसा आहे, जुन्या चोरवाटा बांधल्या की उघड्या आहेत, कोणत्या गोळ्या कधीही बंद करायच्या नाहीत, आणि रात्री-अपरात्री कोणता फोन लावायचा, हे तीत असावे. दूरच्या गावातल्या डॉक्टरांना या वहीइतका आधार दुसरा कशाचा नाही. दुसरी गोष्ट, खर्चाचा अंदाज देताना आणि निधी उभारताना पुढच्या पाच वर्षांच्या तपासण्या त्यातच धराव्यात. तिसरी गोष्ट, मोठ्या केंद्रांनी जिल्ह्याच्या इस्पितळांशी नाते जोडावे. डॉप्लर जिल्ह्याला होऊ शकते. चित्रे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाने पाहावीत. मोबाइल फोनच्या काळात यासाठी रुग्णाने एस.टी.त आठ तास बसण्याचे कारण नाही. आणि चौथी गोष्ट, जठरातल्या शिरांवर उपचार ठरवताना दुर्बीणवाले, शिरांत नळ्या घालून उपचार करणारे क्ष-किरणतज्ज्ञ आणि प्रत्यारोपण करणारे शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसावे. तिघांपैकी ज्याच्या दारात रुग्ण आधी पोचला त्याच्याच हत्याराने उपचार, असे होता कामा नये.

घरातल्यांनी काय लक्षात ठेवावे? डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे शौच ही यकृताच्या रुग्णात धोक्याची घंटा समजावी. लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी. ते दर वेळी फुगलेल्या शिरेमुळेच असेल असे नाही, व्रणामुळेही असू शकते. पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. रक्ताची उलटी झाली तर रुग्णाला कुशीवर निजवावे, खायला-प्यायला काही देऊ नये, आणि जवळच्या अशा इस्पितळात न्यावे जिथे रक्त मिळते. तेथे दाब उतरवणारे इंजेक्शन आणि प्रतिजैविक लगेच सुरू करता येते, मग पुढे हलवता येते. रक्त मात्र बेताने द्यावे लागते. भरमसाट रक्ताने दाब वाढून शीर पुन्हा फुटते, हे २०१३ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. म्हणून ‘आणखी दोन बाटल्या लावा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. अंगदुखीच्या गोळ्या, गावठी काढे, कोणी सुचवलेली पुडी यांपैकी काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, काही त्रास नसताना तपासणीला जावे. त्रास नसताना जायचे म्हणूनच तर ती तपासणी.

आमचे ते गृहस्थ आता बरे आहेत. सकाळी देवळापर्यंत चालत जातात, संध्याकाळी नातवाला गोष्टी सांगतात. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर चतुर्थी-एकादशीच्या जोडीला लाल पेनाने काही गोल केलेले दिसले. विचारले तर वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, यांच्या सोनोग्राफीच्या तारखा आहेत. आता यांच्या मनाला विचारत नाही. तारीख आली की पिशवी भरते.’ मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘अर्धं माझंच आहे ना ते आत. त्याची चौकशी मी नाही करायची तर कोणी?’

अशी चौकशी करणारी बाई प्रत्येक घरात असेलच असे नाही. ती नसेल तेथे तिचे काम करणारी व्यवस्था उभी करणे, हे इस्पितळांचे, शासनाचे आणि पेढे वाटणाऱ्या आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.